दुग्गलसाहेबांचा एकांत

कवीबुवांच्या फाटकावर एक पाटी होती. ‘आत कवी कामात आहे. आग लागल्याशिवाय हाक मारू नये. आग लहान असल्यास पाण्याचा नळ डाव्या हाताला आहे.’ मजकूर इंग्रजीत, पण भाव अस्सल सदाशिव पेठेतला. पुण्यात वाढलेल्या माणसाला अशी पाटी वाचली की परक्या मुलखात नात्यातलं कुणी भेटल्यासारखं वाटतं. मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीत, आम्ही घर घेतलं तेव्हा सगळ्या गल्लीत मला ओळखीचं वाटलेलं पहिलं काही असेल तर ती पाटी.

नावाचा घोटाळा त्याच आठवड्यात झाला. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, शेजारी डूगल नावाचे वयस्कर गृहस्थ राहतात, एकटेच असतात, नो वरीज. त्याचं ऑस्ट्रेलियन इंग्रजी आणि आमचे पुणेरी कान यांच्यामध्ये कुठेतरी त्या ‘डूगल’चा ‘दुग्गल’ झाला. माझी बायको वैशाली खूश. शेजारी पंजाबी म्हणजे गप्पांना माणसं, लोहडीचं आमंत्रण, हिवाळ्यात पराठे. आम्ही बेसनाच्या लाडवांचा डबा घेतला आणि कुठेही आग लागलेली नसताना बेल वाजवली. दार उघडलं ते सहा फुटांहून उंच, उकडलेल्या बिटाच्या रंगाच्या, पांढऱ्या दाढीच्या एका गोऱ्या म्हाताऱ्याने. भर जानेवारीच्या उन्हाळ्यात अंगात लोकरी स्वेटर. पण मी वाक्य पाठ करून आलो होतो, ते थांबेना. “नमस्ते दुग्गलसाब, हम आपके नये पडोसी.”

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. डब्यातला एक लाडू उचलला, उभ्याउभ्या खाल्ला, दाढीवरचा चुरा झटकला आणि म्हणाले, “पन्नास वर्षं झाली या देशात, माझं बोलणं कुणाला धड कळत नाही. आज पहिल्यांदाच समोरच्याचं मला कळलं नाही. फार बरं वाटलं.”

हे म्हणजे आमचे दुग्गलसाहेब. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावात जन्मले, विशीत इकडे आले आणि मेलबर्नच्या ट्राममध्ये कंडक्टर झाले. तिकिटं फाडता फाडता कविता लिहिल्या. कंडक्टरच बंद झाले तेव्हा साठवलेल्या पैशांत वेरिबीत घर घेतलं, कारण शहरापासून लांब आणि वारा फिरला की मैलापाण्याच्या प्रकल्पाचा वास. “वास चांगला आहे,” ते म्हणायचे. “पाहुणे टिकत नाहीत.” त्यांचे पाच कवितासंग्रह निघाले होते, सगळे पापडाइतके पातळ. “माझे सगळे वाचक एका ट्राममध्ये मावतील,” असं ते अभिमानाने सांगत, “आणि सगळ्यांना बसायला जागा मिळेल.”

सकाळी नऊ ते बारा ही त्यांची लिहिण्याची वेळ. त्या वेळात लिहून झालेलं बहुतेक सगळं ते फेकून देत. आमच्याकडे कागद-बाटल्यांसाठी पिवळ्या झाकणाचा वेगळा डबा असतो. तो पंधरवड्यातून एकदा रस्त्यावर ठेवायचा. एकदा वाऱ्याने त्यांचा डबा आडवा केला आणि गल्लीतल्या प्रत्येक हिरवळीवर कविता पसरली. मी आणि समोरचा एक गुजराती मुलगा धावत धावत पानं गोळा करत होतो. गंमत म्हणजे प्रत्येक पानावर तीच एक ओळ होती, फक्त एखादा शब्द बदललेला. गठ्ठा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तर ते पांढरे पडले.

“वाचलंस?”

“छे, छे,” मी म्हणालो. “तुमचं खासगी आहे, मी कशाला वाचू?”

“का नाही वाचलंस?” ते उसळले. “हातात आलेलं वाचत नाहीस? कसला शेजारी तू?” मग गठ्ठा चाळून त्यांनी एक चुरगळलेलं पान बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि पुटपुटले, “हेच बरोबर होतं. थँक यू, वारा.” मला थँक यू नाही. वाऱ्याला.

पुस्तकांनी तर त्यांचं घर गिळलं होतं. प्रवासवर्णनं बाहेरच्या दाराशी, समुद्रावरची पुस्तकं बाथटबमध्ये, आणि स्वतःचे पाच संग्रह फ्रिजच्या वर, म्हणजे सहज कुणाचा हात पोचू नये. पुस्तक वाचायला द्यायचे, पण परत देताना त्यावर डाग दाखवावा लागे. चहाचा, जॅमचा, काहीही. “डाग नाही म्हणजे वाचलं नाही,” हा त्यांचा नियम. मी एकदा त्यांचं पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून, अगदी कोरं करकरीत परत केलं. त्यांनी ते नाकाला लावून हुंगलं आणि म्हणाले, “अर्ध्यावर सोडलंस.” खरंच सोडलं होतं.

मग आई आली.

आई कोथरूडला एकटी राहायची. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आली, बॅगेत अर्धी भाजणी आणि अर्धे स्वेटर घेऊन. मार्चमध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या आणि तीन महिन्यांची पुढे जवळजवळ दोन वर्षं झाली. आईचं माहेर कराडजवळचं. तिकडे आईला ‘आय’ म्हणतात. आणि स्कॉटिश माणूस ‘हो’ला ‘आय’ म्हणतो. या दोन गोष्टी जगात वेगवेगळ्या ठिकाणी सुखाने नांदत होत्या, त्या आमच्या लेटरबॉक्सपाशी एकमेकींना भिडल्या. मी ओळख करून दिली, “ही माझी आई, इंडियाहून आली आहे.” दुग्गलसाहेब मान डोलावून म्हणाले, “आय, आय.”

आई चपापली. घरात आल्यावर म्हणाली, “अरे, माझ्याहून दहा वर्षांनी तरी थोरले असतील, आणि मला आय म्हणतात?”

मी समजावलं, तो त्यांच्याकडचा होकार आहे.

“हो म्हणायला आयला हाक कशाला मारायची?” आई म्हणाली. पण मनातून ती विरघळली होती. त्या दिवसापासून ती त्यांना ‘कवीबुवा’ म्हणू लागली आणि पुढे आम्हीही.

आईला एकच व्यसन होतं, फोन. कराडला तिची धाकटी बहीण होती, कुसुममावशी. रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे मावशीच्या पहाटेच्या चहाला, आई मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत तिच्याशी बोलायची. फोन स्पीकरवर. आवाज असा, की फोन नसता तरी कराडला पोचला असता. आणि कवीबुवांची लिहिण्याची खिडकी बरोबर त्या कुंपणाला लागून. चौथ्या की पाचव्या दिवशी ते आमच्या दारात आले. दोन्ही कानांतून कापूस बाहेर डोकावत होता.

“तुझी आई रोज कुणाशी भांडते?”

“भांडत नाही. मावशीला आमटी कशी झाली ते सांगते.”

त्यांनी कापूस आणखी आत दाबला. “मग ती भांडेल तेव्हा मला आधी कळव. मी गावाला जातो.”

आईला मी हे जरा सौम्य करून सांगितलं, तरी तिला लागलं. ती पुढच्या अंगणात जाऊन बोलू लागली. कवीबुवांना हवा होता तसा एकांत मिळाला. आणि मग लॉकडाऊन लागला, तेव्हा तर त्यांना एकांताची लॉटरीच लागली म्हणायची. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरी कुणी यायचं नाही. वैशाली हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती, तिची धावपळ वाढली. मी जेवणाच्या टेबलावर ऑफिस थाटलं. सगळी गल्ली घुसमटली होती. मला वाटायचं, या सगळ्यात एकटे कवीबुवा काय ते सुखात असतील. कविता धडाधड पडत असतील.

पण त्यांचा पिवळ्या झाकणाचा डबा रिकामा राहू लागला. पंधरवड्यामागून पंधरवडे नुसत्या दोन-चार बाटल्या. एकदा मी मास्क लावून फिरायला निघालो, तर ते फाटकाला टेकून रस्त्याकडे बघत उभे. सकाळचे अकरा. म्हणजे लिहिण्याची वेळ.

“आज सुट्टी?” मी विचारलं.

“एक ओळ नाही,” ते म्हणाले. “दीड महिना झाला. बसतो, कुणीतरी येऊन त्रास देईल म्हणून वाट बघतो. कुणी येत नाही. मग कुणावर चिडून लिहू?”

“पण तुम्हाला तर एकांत हवा होता ना?”

“एकांत म्हणजे दार आपण लावणं,” कवीबुवा म्हणाले. “हे दार सरकारने लावलंय.”

मग इकडेतिकडे बघून, एखादं उसनं मागावं तशा आवाजात म्हणाले, “तुझ्या आईला विचार ना, मागच्या अंगणात परत येईल का?”

आईने ऐकलं आणि हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. “मी काय रेडिओ आहे? हवा तेव्हा बंद, हवा तेव्हा चालू?” दोन दिवस ती पुढच्याच अंगणात बोलली, आणि मुद्दाम हळू. तिसऱ्या दिवशी कवीबुवांनी कुंपणावरून एक डबा दिला. आत स्वतः भाजलेली लोण्याची बिस्किटं, बाजूने जरा करपलेली. आईने एक चाखलं, “नानकटाई आहे, पण वेलदोडा विसरलेत,” असा निकाल दिला, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला मागच्या अंगणात हजर झाली.

पण आता आपल्याला श्रोता आहे हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे तिचं बोलणं बदललं. घसा खाकरून सुरुवात, मध्येच आवाज चढवणं, योग्य जागी थांबणं. कुसुममावशी फोनवरून वैतागून विचारायची, “अक्के, तुला झालंय काय? कीर्तनाला बसल्यासारखी का बोलतेस?” तिसऱ्या दिवशी कवीबुवा माझ्याकडे आले. “ती नाटक करते आहे,” ते दुःखाने म्हणाले. “तिला म्हणावं, करू नकोस. मी नाहीच असं समजून बोल. नाहीतर मला लिहिता येत नाही.”

“पण तुम्हाला त्यातलं एक अक्षर कळत नाही.”

“म्हणून तर! अर्थ लागला की मी ऐकत बसेन. हा नुसता समुद्रासारखा आवाज आहे. फरक इतकाच, की हा समुद्र मध्येच हसतो.”

आई आठवडाभरात सरावली आणि आधीसारखी नैसर्गिकपणे ओरडू लागली. पिवळा डबा पुन्हा भरू लागला. पुस्तकांची देवघेवही वाढली, कारण लायब्ररी बंद होती. कवीबुवा पुस्तक दोन दिवस उन्हात वाळवून कुंपणावरून द्यायचे. आईला त्यांनी पक्ष्यांच्या चित्रांचं एक मोठं पुस्तक दिलं. स्वयंपाक करता करता ती ते बघत असे. परत दिलं तेव्हा एका बगळ्याच्या पोटावर तिचं हळदीचं बोट जसंच्या तसं उमटलेलं. आई शरमली होती. कवीबुवा ते पान खिडकीशी घेऊन गेले आणि लहान मुलासारखे ओरडले, “पिवळा! माझ्याकडे पिवळा डाग नव्हता!”

दुसऱ्या वर्षी भारतात ती भयंकर लाट आली. आमच्याकडे तेव्हा बंधनं थोडी सैल झाली होती. कुसुममावशीला ताप आला, मग बेड मिळेना, मग मिळाला, आणि चार दिवसांत सगळं संपलं. आईला जाता येणं शक्यच नव्हतं. मावशीच्या मुलाने फोनवर जे दाखवायचं ते दाखवलं. आईने ते हातात फोन धरून, उभ्याने पाहिलं.

त्यानंतर साडेदहा वाजले की ती सवयीने अंगणात जायची, फोन पदरात धरून दोन फेऱ्या मारायची आणि आत यायची. जेवणाखाणाचं सगळं व्यवस्थित करायची. फक्त आवाज गेला होता. मी बोलायचा प्रयत्न केला, वैशालीने केला. “ठीक आहे रे,” एवढंच.

आठ-दहा दिवसांनी कवीबुवा दारात आले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन कुंपणापाशी आले. आमच्या मधल्या लाकडी कुंपणाची एक फळी वादळात उडून गेली होती, ती बसवायची राहिली होती. त्या फटीपलीकडे ते बसले. इकडून त्यांचा एक डोळा आणि अर्धी दाढी तेवढी दिसत होती.

“तुझ्या आईला सांग,” ते मला म्हणाले, “बहिणीला सांगायचं होतं ते मला सांगितलं तरी चालेल. मला त्यातलं काहीही कळणार नाही. त्यामुळे मी सल्ला देणार नाही.”

मी आईला शब्द न् शब्द सांगितलं. दोन दिवस ती खुर्ची, तो डोळा आणि ती दाढी तिथे येऊन बसत राहिली. थंडी पडायला लागली होती, म्हणून गुडघ्यांवर घोंगडी. तिसऱ्या दिवशी आई आपली खुर्ची घेऊन गेली. मी आत मीटिंगमध्ये होतो, खिडकी किंचित उघडी होती.

मग आईचा आवाज आला, अगदी हळू. “काय सांगू बुवा. आमच्या कुसुमला लहानपणी पोहायला मीच शिकवलं. कृष्णेत.”

“आय,” पलीकडून आलं.

“घाबरट होती. माझ्या गळ्याला मिठी मारायची.”

“आय.”

त्या होकाराशी आई थबकली, आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला आलं. कवीबुवा पलीकडे नुसते बसून राहिले. मग ती पुन्हा बोलू लागली, आणि बारा वाजेपर्यंत थांबली नाही. मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलो होतो.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. लॉकडाऊन पुन्हा लागला, पुन्हा उठला, पुन्हा लागला. फटीतलं बोलणं चालू राहिलं. आई मराठीत बोलायची आणि हळूहळू कवीबुवाही आपलं काही सांगू लागले. तेही इंग्रजीत नाही, त्यांच्या गावाकडच्या बोलीत, जी त्यांनी मेलबर्नमध्ये कधी कुणापुढे काढली नव्हती. मी एकदा म्हणालो, “मी येऊन बसू का? भाषांतर करतो.” दोघेही माझ्यावर एकदम खेकसले. आपापल्या भाषेत. “तू मध्ये पडू नकोस,” आई म्हणाली. “तू बसलास की आम्हाला समजेनासं होईल.”

आणि दोघांना खात्री, की आपल्याला सगळं समजतं. आई जेवताना सांगायची, “कवीबुवांची बायको फार लवकर गेली रे. मासे खात नसे ती.” मी त्यांना विचारलं, तर त्यांनी आयुष्यात लग्नच केलं नव्हतं. ते उलट मला म्हणाले, “तुझे वडील रेल्वेत होते, भला माणूस.” माझे वडील बँकेत होते. मी कुणाचंच दुरुस्त केलं नाही. दोघांचं उत्तम चाललं होतं.

पण एक दिवस आई आत आली ती पदर खोचतच. “जा, त्यांच्या घरी जाऊन बघ. त्यांना बरं नाहीये.”

“ते म्हणाले तसं?”

“म्हणायला कशाला हवं? आजचा ‘आय’ बरोबर नव्हता. खोल गेला होता.”

नियमात बसत होतं की नाही ते मला माहीत नाही. पाटी ओलांडून मी आत शिरलो. कवीबुवा बाथटबच्या काठावर, समुद्राच्या पुस्तकांना टेकून बसले होते आणि छातीतून करवतीसारखा आवाज येत होता. मला बघून म्हणाले, “आग लागली का?” मी ॲम्ब्युलन्स बोलावली. न्यूमोनिया होता. कोविड नव्हता, एवढंच नशीब.

हॉस्पिटलात भेटायला परवानगी नव्हती. आई घरात चकरा मारत राहायची. “उपचार करतील रे ते. पण तिथे त्यांच्याशी बोलतंय कोण?” शेवटी मी वॉर्डला फोन केला. नर्स केरळची निघाली. मी हिंदी-इंग्रजीत सगळी हकिकत सांगितली, तशी ती हसली आणि म्हणाली, ते डोळे मिटून पडून आहेत, मी फोन उशीवर ठेवते, बोलू दे अम्माला.

आईने फोन हातात घेतला. एवढ्या लांब पोचायचं म्हणून तिने आवाज लावला, तो थेट कराडचा. “बुवा! ऐकताय नव्हं? मेथीला कोंब आलेत! तुमच्या नळाचं पाणी गळत होतं, ह्याला सांगून बंद केलंय! बिस्किटांचं पीठ मी आणून ठेवलंय, वेलदोडा घातल्याबिगर भाजायची नाहीत!” चिडली किंवा घाबरली की ती माहेरच्या भाषेत जाते. पलीकडे काहीतरी धातूचं भांडं पडल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारलं, ‘हू इज शाउटिंग?’ मग नर्स फोनवर आली. “त्यांनी डोळे उघडले,” ती म्हणाली. “काहीतरी बोलले, पण मला ॲक्सेंट कळला नाही. म्हणताहेत, ती नाटक करते आहे?”

“बरे होतील,” मी आईला सांगितलं.

ते बरे होऊन घरी आले, पण काठी आली आणि खांदे वाकले. पुढे सीमा उघडल्या आणि आईच्या तिकिटाची तारीख ठरली. निघायच्या दिवशी कवीबुवा टाय लावून आमच्या गाडीपाशी उभे. मी बॅगा भरत होतो. आई त्यांना मराठीत पाच मिनिटं काहीतरी सांगत होती, ते त्यांच्या बोलीत पाच मिनिटं काहीतरी सांगत होते, दोघेही एकाच वेळी. मग आईने नमस्कार केला. त्यांनी काठी बगलेत धरून तसाच नमस्कार केला, अगदी बरोबर.

गाडी वळणावर आल्यावर आई म्हणाली, “बरं झालं मला इंग्रजी येत नाही. कळलं असतं तर पहिल्याच आठवड्यात भांडण झालं असतं.” मग विमानतळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कवीबुवा अंगणात घसरून पडले आणि एकटं राहणं संपलं. त्यांची पुतणी बॅलरॅटहून आली आणि तिने इथल्याच एका वृद्धाश्रमात जागा बघितली. मी सोबत गेलो होतो. तिथल्या मॅनेजरबाईंना पुतणीने सांगून ठेवलं होतं की काका कवी आहेत. त्यांनी खास बागेकडची, टोकाची खोली राखली होती. खिडकीबाहेर निलगिरी, कुठे पान हललं तरी ऐकू यावं अशी शांतता. कवीबुवा दारातूनच मागे फिरले. सगळा मजला काठी आपटत पालथा घातला आणि स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीपाशी थांबले. आत भांडी आदळत होती, ट्रॉल्या धडधडत होत्या, दोन बायका मोठ्याने हसत होत्या.

“ही,” ते म्हणाले.

“ती खोली कुणीच घेत नाही,” मॅनेजरबाई म्हणाल्या. “तिथे कुणी ना कुणी सतत बोलत असतं.”

“मला काम करायचं आहे,” कवीबुवा म्हणाले.

आणि केलं. त्या खोलीत त्यांनी सहावा संग्रह पुरा केला, तोही पापडाइतकाच पातळ. मला प्रत दिली. मी घरी येऊन, आई सापडेल म्हणून, अधीरपणे चाळली. आई कुठेच नव्हती. कुंपण नाही, हळद नाही, मेथी नाही. सगळ्या कविता पावसातल्या ट्रामच्या, गर्दीच्या, उतरून गेलेल्या उतारूंच्या. पुढच्या भेटीत मी न राहवून विचारलं, आई का नाही यात?

“तिच्यामुळे लिहिल्या,” ते म्हणाले. “तिच्यावर कशाला लिहायला हवं?” आणि मला हाताने खूण करून गप्प बसवलं, कारण पलीकडच्या बाया कशावरून तरी हसत होत्या आणि त्यांना ते ऐकायचं होतं.

पुढच्या वर्षी एका शनिवारी दुपारी मॅनेजरबाईंचा फोन आला. संध्याकाळी मी आईला लावला. ती गच्चीत सांडगे घालत होती. मी सांगितलं. मागे रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज येत होता.

“एकटे होते का रे?” तिने विचारलं.

मी म्हणालो, नव्हते. चहाची ट्रॉली घेऊन येणाऱ्या एक फिजीच्या बाई आहेत, त्या खोलीत होत्या. त्यांच्या मुलीची त्या दिवशी ड्रायव्हिंगची परीक्षा होती, ते सगळं त्या कवीबुवांना सांगत होत्या. कवीबुवा नेहमीसारखे डोळे मिटून ऐकत होते, म्हणून बाईंना काही वेगळं वाटलं नाही. सांगून झालं, कप उचलायला वाकल्या, तेव्हा कळलं.

“म्हणजे बोलणं चालू होतं,” आई म्हणाली.

“हो.”

“मग ठीक आहे.” तिने नाक ओढलं. सांडग्याचं भांडं सरकवल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “आणि त्या पोरीला लायसन मिळालं का?”

ते मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमात फोन लावला आणि त्या बाईंना बोलावून घेऊन विचारलं. मिळालं होतं.